सुलेखा मावशींचं एक मिनिट पन्नास सेकंद

आमच्या मंडळात दोनशे चाळीस कुटुंबं आहेत आणि प्रत्येकात माइक आवडणारा किमान एक माणूस आहे. काहींत दोन आहेत. मी, परीक्षित देवस्थळी, या मंडळाचा सेक्रेटरी, त्यामुळे हे मी अधिकाराने सांगतो. अमेरिकेतल्या पिस्कॅटवेपासून पंचवीस मिनिटांवर आमचं गाव. इथे गणपती होतो, संक्रांत होते, दिवाळी पहाट होते (दुपारी साडेतीनला, कारण शाळेचा हॉल तेव्हाच मिळतो). आणि प्रत्येक वेळी मूळ कार्यक्रमाआधी पाऊण तास स्वागत होतं. व्यासपीठावरचे मान्यवर, व्यासपीठासमोरचे मान्यवर, ज्यांना यायला जमलं नाही ते मान्यवर. शाल, श्रीफळ, दोन शब्द. गाणारी मंडळी पडद्यामागे थर्मासमधला चहा पीत बसतात. त्यांना सवय झाली आहे.

सुलेखा मावशी या मंडळात कधीच कुणी नव्हत्या. सभासद होत्या, पण नुसत्या यादीतल्या. सुलेखा राजूरकर, मूळच्या अकोल्याच्या, चौऱ्याऐंशी साली लग्न होऊन इथे आल्या. नवरा औषधांच्या एका गोदामात शिफ्टवर होता. बारा वर्षांनी मावशींना कँपमध्ये काम मिळालं. कँप म्हणजे गावाबाहेरचा लष्करी तळ. त्याला कुणा सेनापतीचं लांबलचक नाव होतं, पण सगळे कँपच म्हणायचे. तिथल्या मेसमध्ये मावशींनी एकोणीस वर्षं चारशे सैनिकांना वाढलं आणि पुढे अख्खं स्वयंपाकघर सांभाळलं. स्वतः अंडंही खात नाहीत.

मंडळातल्या बायका त्यांच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणायच्या. "ती मिलिटरीच्या खानावळीत आहे ना." मग आणखी खाली, "तिथे बीफ असतं." या बायकांची मुलं दर शनिवारी बर्गर खाऊन यायची, पण तो वेगळा विषय. आमच्याकडे कुणाच्या घरी कोण येणार हे व्हिसा, कंपनी आणि शाळेचा डिस्ट्रिक्ट यांवर ठरतं, आणि मावशी तिन्हीत कमी पडायच्या. मीही त्यांना माझ्या घरच्या कुठल्या पार्टीला कधी बोलावलं नाही. कारण विचाराल तर सुचलंच नाही असं सांगेन, आणि ते खोटं असेल.

नवरा वारला. मुलगा देवांग शिकून टेक्सासला गेला, प्लेनोत सहा बेडरूमचं घर घेतलं. मग कँप बंद झाला. मावशी पंचावन्न वर्षांच्या होत्या. मेसचं दार लावताना साहेबाने त्यांना आठवण म्हणून काय हवं ते विचारलं. त्यांनी भिंतीवरचा टायमर मागितला, मागे लोहचुंबक असलेला, पांढरा, साधा. मेसमध्ये वेळ संपल्याची घंटा झाली की वाढणं बंद, समोर कर्नल उभा असला तरी. ती घंटा मावशी वाजवायच्या.

त्यानंतर त्यांनी घरच्या बेसमेंटमध्ये स्वयंपाक मांडला आणि गावातल्या म्हाताऱ्यांना दुपारचे डबे द्यायला लागल्या. त्यांतले बरेच म्हणजे आमचे आईबाप. आम्ही त्यांना हौसेने ग्रीन कार्ड काढून आणतो, तळ्याचं दर्शन होणारी खोली देतो, टीव्हीवर सगळी मराठी चॅनेलं लावून देतो, आणि सकाळी आठला घराबाहेर पडतो ते संध्याकाळी सहाला उगवतो. मधल्या दहा तासांत ते काय करतात हे आम्ही विचारत नाही, कारण उत्तर ऐकायचं नसतं. माझे बाबा सांगलीला पाटबंधारे खात्यात होते, आई गेल्यावर मी त्यांना इकडे आणलं. मायक्रोवेव्हला ते भितात. फ्रीजमधलं थंडच खायचे आणि मला "गरम केलं रे" म्हणून सांगायचे.

पावणेबाराला मावशींची जुनी कोरोला दारात यायची. बेल दोनदा वाजायची. डबा आत यायचा आणि मावशी दारातच बोलायच्या, "काय हो देवस्थळी, आज दाढी नाही केलीत?" दुसऱ्या दिवशी बाबा साडेअकरालाच दाढी करून खुर्चीत. एकूण एकतीस दारं. प्रत्येक दारात दोन मिनिटं आणि प्रत्येकाच्या नावाचं एक वाक्य. डब्यात काय होतं ते बाबा मला कधी सांगायचे नाहीत. मावशी काय म्हणाल्या ते मात्र रोज सांगायचे.

मग कुणीतरी तक्रार केली. घरच्या स्वयंपाकघरातून रोज डबे जातात, परवाना नाही, आणि वास येतो. तक्रार कुणाची ते हेल्थवाल्यांनी, म्हणजे इथल्या आरोग्य खात्याने, सांगितलं नाही. पण त्या इंग्रजी पत्रात 'फोडणी' असा शब्द होता, तेव्हा अंदाज करा. मावशींना मुदत मिळाली तीस सप्टेंबरपर्यंत. तोवर परवाना मिळण्याजोगं स्वयंपाकघर शोधा, नाहीतर बंद करा.

त्याच सुमाराला कँपची जमीन गावाला परत मिळाली. दुसऱ्या महायुद्धात सरकारने गावाच्या पीचच्या बागा घेतल्या आणि कुंपण घातलं. युद्ध संपलं, पण कुंपणाला ते कुणी कळवलं नाही. ऐंशी वर्षं गाव त्या जाळीला वळसा घालून ये-जा करत राहिलं. तळ बंद झाल्यावरही गाव आणि सरकार नऊ वर्षं एकमेकांना पत्रं लिहीत बसले, माती तपासत बसले. शेवटी या वर्षी सही झाली, मेयरने फीत कापली, आणि ज्यांनी आत कधी पाऊल टाकलं नव्हतं त्या सगळ्यांना एकदम त्या जमिनीचा उमाळा आला. कुणाला कुत्र्यांना पळायला बाग हवी होती. कुणाला पिकलबॉल, म्हणजे टेनिस झेपत नाही अशांचा खेळ. सहा पिढ्या इथलेच म्हणवणारे एक गृहस्थ पीचची बाग परत लावा म्हणून पेपरात रडले. त्यांच्या अंगणात मी प्लास्टिकचं गवत पाहिलेलं आहे.

टाउनशिपने, म्हणजे गावाच्या नगरपालिकेने, नियम काढला, आणि नियम सरळ होता. गावातल्या नोंदणी झालेल्या संस्थांनी जाहीर सभेत येऊन, कुठली इमारत हवी आणि कशासाठी, हे माइकवर सांगायचं. प्रत्येक संस्थेला तीन मिनिटं. जे बोललं जाईल तेवढंच नोंदीत, आणि नोंदीत असेल त्याचाच विचार. ज्या इमारतीला मागणी नाही ती पाडायची आणि जागा गोदामवाल्यांना द्यायची.

जूनमधल्या एका रविवारी मावशी फाइल घेऊन माझ्या घरी आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आत येऊन बसल्या. बाबांना एवढा आनंद झाला की त्यांनी चहात दोनदा साखर घातली.

"परीक्षित, इमारत नंबर चौदा," त्या म्हणाल्या आणि नकाशा उघडला. "माझी मेस. सहा शेगड्या आहेत, चिमणी आहे, मोठा वॉक-इन फ्रीज आहे. हेल्थवाल्यांना काय काय लागतं त्याची लिस्ट आणलीये मी. सगळं तिथे ऑलरेडी आहे. फक्त मागायचं."

"मग मागा की."

"मी संस्था नाही रे. मंडळ आहे. मंडळाच्या नावाने मागायचं, बोलते मी. बघ."

त्यांनी पर्समधून तो पांढरा टायमर काढून टेबलावर ठेवला, कागद धरला आणि इंग्रजीत वाचायला लागल्या. वाचून संपलं तेव्हा टायमरवर एक मिनिट पन्नास सेकंद झाले होते. "रोज भाजी चिरताना म्हणते," त्या म्हणाल्या. "कमी-जास्त होत नाही आता."

मी म्हटलं, मावशी, नाहीच मिळालं तर? देवांग तर केव्हाचा बोलावतोय तुम्हाला.

"बोलावतो ना. खालची खोली ठेवलीये माझ्यासाठी. बाथटबसकट." त्यांनी नकाशाची घडी घातली. "मागच्या डिसेंबरात तीन आठवडे राहिले तिथे. सकाळी आठला दोघं बाहेर. चालत कुठे जायचं म्हटलं तर हायवे. पावणेबारा वाजले की माझे पाय आपोआप दाराकडे जायचे. तिथे मी कुणाची बेल वाजवू, सांग?"

बाबा चहा ढवळत होते ते थांबले. मी म्हटलं, मावशी, समजा झालंच काम. असं म्हणायला माझं काय जात होतं?

आमचे अध्यक्ष राजेश खांबेटे. डायरेक्टर आहेत. कशाचे ते त्यांनी चौदा वर्षांत नीट सांगितलेलं नाही. त्यांची पत्नी उल्का प्रत्येक कार्यक्रमाचं निवेदन करते आणि प्रत्येक वाक्याआधी एक उसासा टाकते. खांबेट्यांच्या बेसमेंटमध्ये कमिटीची मीटिंग झाली. तिथे बार आहे, आठ रिक्लायनर आहेत आणि भिंतीवर राजेशरावांचे वेगवेगळ्या लोकांशी हात मिळवतानाचे फोटो आहेत. मावशींना रिक्लायनर उरला नाही. त्या बारच्या उंच स्टुलावर पाय लटकवून बसल्या.

"एक्सलंट आयडिया, वहिनी," राजेशराव म्हणाले. "पण हे असं डायरेक्ट जाऊन मागायचं म्हणजे जरा भिकाऱ्यासारखं वाटतं. आधी आपण कोण आहोत ते एस्टॅब्लिश केलं पाहिजे."

"तीनच मिनिटं आहेत," मावशी म्हणाल्या.

"तुम्हाला किती लागतात?"

"एक मिनिट पन्नास."

"बघा! मग एक मिनिट दहा सेकंद शिल्लक आहेत ना आपल्याकडे." राजेशरावांनी सगळ्यांकडे असं पाहिलं, की जणू ते त्यांनी स्वतः कमावले होते. "तेवढ्यात मी स्वागत करतो, मेयरचा छोटासा सत्कार, आणि माइक तुमच्याकडे. शॉर्ट अँड स्वीट."

"सत्कार कशाला, राजेश?" मावशी म्हणाल्या. "तिथे कुणी करत नाही."

"म्हणूनच तर आपण लक्षात राहू, यार!" हे त्यांनी मला उद्देशून म्हटलं. मग उल्का उसासा टाकून म्हणाली की, कमिटीची नावं तरी घ्या, सगळे सुट्टी काढून येणार आहेत, त्यांना बरं वाटेल. कुणीच नको म्हटलं नाही. नावांची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. नऊ नावं झाली. माझं मी पाचवं घातलं. पहिलं घालायची लाज वाटली आणि शेवटचं घालायचं मन होईना.

मावशी निघताना मला म्हणाल्या, "एक मिनिट दहा म्हणजे एक मिनिट दहा हं, परीक्षित." मी म्हटलं, मावशी, मी आहे ना.

सभा ऑगस्टमधल्या एका मंगळवारी संध्याकाळी सहाला, टाउनशिपच्या हॉलमध्ये. समोर समितीची सात माणसं, मधोमध अध्यक्षीण मिसेस कोवाल्स्की, सत्तरीच्या, चष्मा साखळीला. शेजारी मेयर. टेबलावर हिरवा, पिवळा, लाल असे तीन दिवे. आमची माणसं चौदा, पैकी बायका पैठण्यांत आणि पुरुष जाकिटांत, अशी की कुणालाही वाटावं लग्न चुकून इकडे आलं. मावशी साध्या निळ्या सलवार-कमीजमध्ये, हातात फाइल, पायांत कामावरचे काळे बूट. बाबा हट्टाने आले होते, दाढी करून.

आमच्याआधी पिकलबॉलवाले होते. अर्धी चड्डी घातलेला एक म्हातारा उठला. "इमारत नऊ, व्यायामशाळा. आम्ही साठ जण आहोत, हिवाळ्यात खेळायला जागा नाही. धन्यवाद." चाळीस सेकंद. राजेशराव माझ्या कानात म्हणाले, "काही प्रेझेंटेशनच नाही."

मग आमचं नाव पुकारलं. राजेशराव माइकपाशी गेले, त्यांच्या शेजारी मावशी. हिरवा दिवा लागला. राजेशरावांनी माइकवर दोन टिचक्या मारल्या, घसा साफ केला, आणि समितीतल्या सातही जणांचं नाव घेऊन नमस्कार केला. त्यातली दोन चुकली, ती परत घेतली. मग मंडळ कधी स्थापन झालं ते सांगितलं. मग यादी काढली.

नऊ नावं. प्रत्येक जण उठायचा, हात जोडायचा, चारी दिशांना वळायचा आणि बसायचा. पाचवं नाव आलं. मी उठलो. हात जोडले. मिसेस कोवाल्स्की माझ्याकडे बघून हसल्या, तर मला, खरं सांगतो, छान वाटलं. मी थोडं रेंगाळूनच खाली बसलो. मावशींनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं तेव्हा माझं लक्ष दिव्याकडे गेलं. तो पिवळा झाला होता.

पण सत्कार राहिला होता ना! उल्का ताट घेऊन पुढे निघाली. मेयरला शाल पांघरली. तो आधी बावरला, मग हसला, मग त्याच्या शेजारच्या क्लार्कबाईने त्याच्या कानात काही सांगितलं आणि तो पुन्हा बावरला. नारळ दिला तर दारातला पोलीस पुढे आला आणि त्याने नारळ घेऊन कानाशी हलवून पाहिला. आतून पाण्याचा आवाज आला. हॉल हसला, आमचे लोक सगळ्यांत जास्त हसले. "राजेश," मावशी म्हणाल्या, पहिल्यांदा मोठ्याने, "माइक." राजेशराव माइक धरूनच म्हणाले, "अँड नाऊ, विदाउट टेकिंग मच ऑफ युअर टाइम—"

लाल. घंटा वाजली आणि माइक बंद पडला.

राजेशरावांनी माइकवर परत टिचकी मारली. घंटा दुसऱ्यांसाठी असते अशी त्यांची आयुष्यभराची समजूत आहे. मावशींचा हात फाइलसकट वर आलेला होता. मला वाटलं, त्या ओरडून सांगतील, इमारत चौदा एवढंच ओरडतील, पुष्कळ झालं असतं. पण त्यांनी एकोणीस वर्षं स्वतः घंटा वाजवून रांग बंद केली होती. हात खाली घेतला, फाइल छातीशी धरली आणि जागेवर परत येऊन बसल्या.

"थँक यू, दॅट वॉज ब्युटिफुल," मिसेस कोवाल्स्की म्हणाल्या. "सो कलरफुल." आणि कुत्र्यांच्या बागेवाल्यांना बोलावलं.

बाहेर पार्किंगमध्ये राजेशराव खूश होते. "इम्प्रेशन जबरदस्त पडलं," ते म्हणाले. "मागणीचं काय, ते आपण ई-मेल करू." मी त्याच रात्री ई-मेल केला. दोन दिवसांनी सभ्य भाषेत उत्तर आलं की नोंद बंद झाली आहे. नोंद वेबसाइटवर होती, कुणालाही वाचता येईल अशी. पिकलबॉल संघटना: इमारत नऊ. त्याखाली आम्ही: मंडळाने समितीला अभिवादन केले, मागणी नाही. आणि पार शेवटी: इमारत चौदा, मागणी नाही, पाडावी. दुसऱ्या कुणालाही ती इमारत नको होती. आम्ही एकटेच होतो.

मंडळाच्या ग्रुपवर मात्र आठवडाभर मेयरचा शाल पांघरलेला फोटो फिरत होता. एकशे सहा जणांनी हात जोडले, चाळीस जणांनी 'प्राउड मोमेंट' म्हटलं. कुणीही, अगदी कुणीही, चौदा नंबरचं काय झालं ते विचारलं नाही. मला आमच्या लोकांची शिसारी आली, आणि त्या लोकांत पाचव्या क्रमांकावर मी होतो हे लक्षात आल्यावर ती गेली नाही, वाढली. दहा दिवसांनी टाउनशिपकडून पार्सल आलं. अधिकाऱ्यांना भेट घेता येत नाही, सबब शाल परत. नारळ नाशवंत असल्याने टाकून देण्यात आला, असंही लिहिलं होतं.

तीस सप्टेंबरला मावशींनी शेवटचे एकतीस डबे पोचवले. बाबांना त्या काही वेगळं बोलल्या नाहीत. "दाढी करत जा हं, देवस्थळी," एवढंच. एक तारखेला मी घरून काम करत होतो. साडेअकराला बाबांनी दाढी केली आणि खुर्चीत बसले. पावणेबारा झाले, बारा झाले. साडेबाराला ते उठले, फ्रीज उघडून बराच वेळ आत बघत उभे राहिले. मी खाली जाऊन त्यांना जेवण गरम करून द्यायला हवं होतं. मी कॉलवर होतो. पुढच्या आठवड्यात त्यांनी दाढी करणं सोडलं.

देवांगने तिकीट काढलं. मावशी नोव्हेंबरात प्लेनोला जाणार म्हटल्यावर मंडळाला एकदम त्यांच्या कार्याची जाणीव झाली. दिवाळी पहाटेला त्यांचा सत्कार करायचं ठरलं. राजेशरावांनी मला फोन केला. "शाल नवी आणू नकोस. ती आहे ना, मेयरवाली. जस्ट अनयूज्ड आहे." मी हो म्हटलं. तोपर्यंत मी सगळ्यालाच हो म्हणत आलो होतो. शालीच्या कोपऱ्याला टाउनशिपच्या क्लार्कबाईने लावलेली चिठ्ठी होती. ती मी काढली, पण स्टेपलची दोन भोकं राहिली.

दुपारी साडेतीनला पहाट सुरू झाली. पाऊण तासाने मावशींचं नाव आलं. उल्काने उसासा टाकून त्यांना अन्नपूर्णा म्हटलं. राजेशरावांनी शाल पांघरली, नारळ दिला, आणि म्हणाले, "वहिनी, दोन शब्द. आज वेळेचं बंधन नाही हं!" आणि स्वतःच हसले.

मावशी निळ्या सलवार-कमीजमध्ये होत्या. त्यांनी नारळ खाली ठेवला. पर्समधून टायमर काढून पोडियमवर ठेवला, तीन मिनिटांवर लावला, आणि सुरू केला. मग कागद न घेता इंग्रजीत बोलायला लागल्या. समोर चारशे मराठी माणसं बसली आहेत हे त्यांना दिसतच नसावं.

माझं नाव सुलेखा राजूरकर, त्या म्हणाल्या. आम्हाला इमारत चौदा हवी आहे. मी तिथे एकोणीस वर्षं काम केलं. तिथे सहा शेगड्या आहेत, त्यांतली उजवीकडची शेवटची हळू पेटते, पण पेटते. या गावात एकतीस म्हातारी माणसं सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत एकटी असतात. काही मराठी आहेत, काही तेलुगू, दोघी पोलिश आहेत, एक जण तुमच्याच सैन्यात होता. त्यांना आम्ही दुपारी गरम जेवण देतो आणि त्यांचं दार वाजवतो. मागच्या वर्षी दोनदा असं झालं की दार वाजवूनही उघडलं नाही, आणि मी फोन केला म्हणून ती माणसं वाचली. आम्हाला रंग नको, दुरुस्ती नको, पाटी नको. आम्हाला फक्त किल्ली द्या. धन्यवाद.

टाळ्या सुरू होणार एवढ्यात मावशींनी हात वर केला. टायमर चालू होता. त्या गप्प उभ्या राहिल्या, आणि पहिल्या रांगेतल्या आम्हा नऊ जणांकडे एकेक करून बघत राहिल्या. एक मिनिट दहा सेकंद म्हणजे किती असतात हे मला माहीत नव्हतं. खूप असतात. राजेशरावांनी घड्याळ पाहिलं, मग बूट पाहिले. उल्काने माइक तोंडाशी नेला आणि परत खाली आणला. मागे कुठलीतरी मुलगी मोठ्याने म्हणाली, "मॉम, इज शी डन?" आणि तिच्या आईने तिला गप्प केलं. पडद्यामागचा कपांचा आवाजही थांबला. मावशींची नजर पाचव्या खुर्चीवर आली. मला हात जोडावेसे वाटले आणि लगेच स्वतःची किळस आली. मी हात मांडीखाली घातले.

टायमर वाजला. मावशींनी तो बंद करून पर्समध्ये टाकला, शालीची नीट घडी घालून पोडियमवर ठेवली आणि बाजूच्या दाराने उतरून गेल्या.

माझ्या मागच्याच खुर्चीत बाबा बसले होते, दाढी तशीच वाढलेली. ते पुढे वाकले. "एवढंच होतं?" त्यांनी विचारलं. "मग त्या दिवशी सांगितलं का नाही रे कुणी त्या टाउनशिपवाल्यांना?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात उल्काने माइकवर माझं नाव पुकारलं. आभारप्रदर्शन माझ्याकडे होतं.